वर्षाला पाच सेकंद

25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सीकोचं क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन हे मनगटी घड्याळ विक्रीला आलं. वरचं कवच 18 कॅरेट सोन्याचं, किंमत साडेचार लाख येन. तेवढ्या पैशांत तेव्हा टोयोटाची कोरोला दारात उभी राहायची! याच कंपनीनं 1964च्या टोकियो ऑलिंपिकसाठी जे क्वार्ट्झ घड्याळ दिलं होतं, त्याचं वजन होतं तीन किलो. पाच वर्षांत ते मनगटावर मावलं.

क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880मध्ये दाखवलं. उलटही खरं: वीज दिली की तो वाकतो. मग शाळेतल्या नादकाट्यासारखा आकार देऊन तो तासला, तर ठरलेल्या वेगानं थरथरत राहतो. अ‍ॅस्ट्रॉनमध्ये हा वेग सेकंदाला 8,192 होता, पुढे 32,768 हा आकडा रूढ झाला. हाच का? निम्मा करा, 16,384. पुन्हा निम्मा, 8,192. पंधरा वेळा निम्मं केलं की उरतो बरोब्बर एक, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. घड्याळ मोजतं कमी, दुभागतं जास्त.

पण स्फटिकाला हवामान बाधतं. साधारण 25 अंशांवर तो नीट वागतो, थंडी वाढो की उकाडा, दोन्हीकडे मंदावतो. (म्हणूनच असं साधं घड्याळ गार कपाटात ठेवलं तर मागे पडतं, मनगटाच्या उबेला सुधारतं.) यावर सिटिझननं 1975च्या क्रिस्ट्रॉन मेगामध्ये स्फटिकच वेगळा घेतला, सेकंदाला 41,94,304 कंपनांचा. म्हणजे बावीस वेळा निम्मं! चूक वर्षाला फार तर तीन सेकंद. सीकोनं 1978मध्ये ट्विन क्वार्ट्झ काढलं. त्यात स्फटिक दोन, दुसऱ्याचं काम तापमान ओळखून पहिल्याची चूक भरून काढायचं. त्यातली उत्तम मॉडेलं वर्षाला पाच सेकंदांच्या आत राहायची. मला हा उपाय जास्त आवडतो. घड्याळाला स्वतःची चूक कळते, ही कल्पनाच भन्नाट आहे.

आता संग्राहकाची खरी पंचाईत. यांत्रिक घड्याळाचं दातेरी चाक मोडलं, तर कसबी कारागीर नवं कापून देतो. जुन्या क्वार्ट्झमधली चिप मेली की संपलं. ती कोणी पुन्हा बनवत नाही. त्यामुळे इथे दुर्मिळ म्हणजे सोन्याचं नव्हे, चालू असलेलं. जाणकार मंडळी एका चांगल्या घड्याळासाठी दोन बंद पडलेली घेऊन ठेवतात, सुट्या भागांसाठी.

घेताना मागचं झाकण उघडून बघावंच. विसरलेला सेल आत गळलेला असला, तर पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती पूड सर्किटपर्यंत गेली असेल तर हात जोडून परत द्यावं. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी मारत असेल तर मात्र घाबरू नका. पुष्कळ मॉडेलांत तो बिघाड नसून सेल संपत आल्याची खूण असते. विकणाऱ्यालाच ते ठाऊक नसेल, तर घासाघीस करायला चांगली संधी!

सीकोच्या झाकणावरचा क्रमांकही वाचता येतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरपासून पुढे आकड्याऐवजी बहुधा ओ, एन, डी ही अक्षरं. दशक मात्र लिहिलेलं नसतं. ते मॉडेलवरून ताडायचं: ट्विन क्वार्ट्झवर पहिला आकडा 9 असेल तर 1969 शक्यच नाही, तेव्हा ते जन्मलंच नव्हतं.