काम वाह चुंगमधला एक दिवस

सकाळी ८

पूर्व ओरेगॉनमधलं जॉन डे हे जेमतेम १७०० वस्तीचं गाव. पोर्टलंडहून इथे यायला सव्वाचारशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. त्यातला शेवटचा बराच टप्पा उघड्याबोडक्या डोंगरांतून, कुरणांतून आणि एखाददुसऱ्या घराच्या वस्तीतून जातो. या गावातलं काम वाह चुंग नावाचं छोटं संग्रहालय दिवसभर कसं चालतं ते पाहायचं होतं, म्हणून बाबा आणि मी आदल्या रात्रीच मुक्कामाला आलो होतो. बाबा साताऱ्याला आयुष्यभर वैद्यकी करत आले. अमेरिकेतल्या एका खेड्यात जुना चिनी दवाखाना औषधांसकट जसाच्या तसा उभा आहे, हे ऐकल्यापासून त्यांनी दुसऱ्या कोणत्याही सहलीचं नाव काढलं नव्हतं.

इमारत नगर उद्यानाला लागून आहे. तळमजला दगडी आणि बसका, वर नंतर चढवलेला लाकडी मजला. खिडक्या अगदी लहान, त्यांना लोखंडी झडपा. ठाऊक नसलेल्या माणसाला हे एखादं गोदाम वाटेल. १८६० च्या दशकात लष्करी रस्त्यावरचं व्यापारी ठाणं म्हणून ती बांधली गेली. पुढे चिनी लोकांकडे आल्यावर ती दुकान झाली, दवाखाना झाली, देऊळ झाली, धर्मशाळा आणि टपाल कचेरीसुद्धा झाली.

सकाळी ९

दिवसाची पहिली फेरी. तिकीट नाही. समोरच्या माहिती केंद्रात नावं द्यायची आणि ठरल्या वेळी मार्गदर्शक बाईंच्या मागून रस्ता ओलांडायचा. राज्य उद्यान खात्याचा गणवेश घातलेल्या त्या बाई दारातच थांबवतात. एका वेळी मोजकीच माणसं आत, पिशव्या बाहेर, कशालाही हात लावायचा नाही. मग त्या दाराकडे बोट दाखवतात. दारावर पत्रा ठोकलेला आहे आणि त्या पत्र्यावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. पुढचं काही सांगण्याआधी त्या आम्हाला ते दार नीट पाहू देतात.

मग त्या गोष्ट सांगू लागतात. इथल्या कॅन्यन क्रीकमध्ये १८६२ साली सोनं सापडलं. पहिली झुंबड ओसरली, गोऱ्या खाणकामगारांना परवडेनासं झालं, तेव्हा त्यांनी उपसलेल्या जागा चिनी मजुरांना विकल्या. आधीच चाळलेली वाळू पुन्हा चाळून चिनी माणसांनी त्यातून सोनं काढलं. एके काळी या भागातल्या खाणींवर गोऱ्यांपेक्षा चिनी माणसं जास्त होती. शेजारच्या कॅन्यन सिटीतली चिनी वस्ती १८८५ साली जळाली आणि ती तिथे पुन्हा उभी राहू दिली गेली नाही. माणसं दोन-तीन किलोमीटर खाली सरकून जॉन डेला आली. १८८७ साली याच राज्याच्या सीमेवर, स्नेक नदीच्या खोल दरीत, तीसहून अधिक चिनी खाणकामगारांना गोळ्या घालून मारण्यात आलं. त्या खुनांची शिक्षा कुणालाही झाली नाही. त्याच सुमारास दोन तरुण या इमारतीत भागीदारीत धंदा सुरू करत होते.

आत पाऊल टाकल्यावर आधी अंधार जाणवतो, मग वास. धुराचा, जुन्या लाकडाचा, वाळलेल्या मुळ्यांचा. छत काजळीने काळं झालं आहे. ही काजळी चुलीची, उदबत्त्यांची आणि अफूच्या चिलमींचीही. १९०९ पर्यंत ओढायची अफू अमेरिकेत कायद्याने आयात करता येत होती. मांडण्यांवर चहाचे डबे, तंबाखू, डबाबंद खाणं. गिऱ्हाईक आत्ताच सामान घेऊन बाहेर पडलं असावं, अशी ती मांडामांड आहे.

मग बाई औषधांच्या खोलीकडे वळल्या आणि बाबा रांग सोडून पुढे गेले. जाळीदार गल्ल्यामागे भिंतभर डबे, खोकी, पुड्या. पाचशेहून जास्त औषधी द्रव्यं इथे सापडली. काही चिनी, काही इथल्याच डोंगरातली, काही प्राणिज. दोन भागीदारांपैकी एक, इथला वैद्य इंग हे. जन्म १८६२, दक्षिण चीनमधला ताइशान हा परगणा. १८८३ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेत आला, वडील परत गेले, तो राहिला. रोग ओळखायचा तो नाडीवरून. बाईंनी स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवून दाखवली. बाबांनी लगेच आपल्या मनगटावर बोटं टेकवली आणि आमच्याकडे नाडी कुठे पाहतात, पुरुषाचा हात कोणता, स्त्रीचा कोणता, हे सांगायला सुरुवात केली. मी दुभाषी झाले. रांगेतली माणसं आपापली मनगटं चाचपू लागली. ज्येष्ठमध, दालचिनी, सुंठ ही चिनी वैद्यकातली नेहमीची द्रव्यं, हे बाईंकडून कळल्यावर बाबा म्हणाले, ‘‘अगं, म्हणजे आमचं अर्धं कपाट इथे आहे.’’

सकाळी १०

दुसऱ्या फेरीला बाबा पुन्हा गेले. मी माहिती केंद्रातच थांबले, कारण मला कागद पाहायचे होते.

दुसरा भागीदार लुंग ऑन. शिकलेला, इंग्रजी सफाईने बोलणारा, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन. चिनी मजुरांना काम मिळवून देणं, त्यांची पत्रं लिहिणं, गोऱ्या व्यापाऱ्यांशी आणि सरकारी कचेरीशी बोलणं ही त्याची कामं. पुढे त्याने मोटारी विकायला सुरुवात केली. पूर्व ओरेगॉनमधल्या सुरुवातीच्या मोटार विक्रेत्यांत त्याचं नाव घेतात. धंद्यात काय चालतं ते त्याने ओळखलं, आणि दवाखान्यात येणाऱ्या गोऱ्या रुग्णांना इंग हेचं म्हणणंही त्यानेच समजावलं. एकाची विद्या आणि दुसऱ्याची भाषा, या जोडीवर हे दुकान पन्नासहून अधिक वर्षं चाललं.

दोघांचीही घरं चीनमध्ये होती. बायका-मुलं तिथे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलं. व्यापाऱ्यांना सवलत होती, पण मजूर एकदा मायदेशी गेला की परत येणं जवळजवळ अशक्य. १८९२ च्या कायद्याने चिनी माणसाला रहिवासाचा दाखला सतत जवळ बाळगावा लागला, नाहीतर हद्दपारी. त्याआधीच, १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांना येणं अवघड करून ठेवलं होतं. म्हणून या वस्त्या जवळपास फक्त पुरुषांच्या राहिल्या, आणि ते म्हातारे होत गेले तशा रिकाम्या झाल्या. चिनी माणसं इथे मिसळली नाहीत, असं म्हणण्याची पद्धत आहे. संसार थाटण्याची वाटच कायद्याने बंद केली होती, हे त्या म्हणण्यात येत नाही. या कागदांत ते पानोपानी दिसतं.

इमारतीत चिनी पत्रांचा मोठा साठा सापडला. घरून आलेली पत्रं: पैसे पाठव, लग्न ठरलं आहे, आई थकली आहे, कधी येणार. आणि इथल्या मजुरांची, कधीच न गेलेली पत्रंही. त्यांचे अनुवाद वाचताना मला आपल्याकडच्या गिरणगावातल्या मनीऑर्डरी आठवल्या. फरक एवढाच, की कोकणातला माणूस शिमग्याला, गणपतीला घरी जाऊ शकत होता.

सकाळी ११

शाळेची मुलं आली. त्यांना गोळ्यांच्या खुणांपेक्षा झोपायच्या फळ्यांमध्ये जास्त रस होता. स्वयंपाकघराला लागून लाकडी फळ्यांचे मजले आहेत, खाणीतून किंवा कुरणातून आलेला माणूस तिथे रात्र काढायचा. चूल आहे, मोठी कढई आहे. देवाच्या कोनाड्यात नैवेद्याची फळं वाळून कडक झालेली. एका मुलाने विचारलं, ‘‘हे फेकलं का नाही?’’ बाईंनी त्याला ते समजावायला बराच वेळ दिला. त्या प्रश्नाचं उत्तर कळलं, तर हे संग्रहालयच कळलं.

लुंग ऑन १९४० साली वारला. इंग हे पुढेही इथेच राहिला, त्याची दृष्टी गेली होती. १९४८ मध्ये कमरेचं हाड मोडलं म्हणून त्याला पोर्टलंडला नेलं. दार बंद झालं आणि तो परतलाच नाही. १९५२ मध्ये तो वारला. संग्रहालय करावं या अटीवर इमारत गावाला देण्यात आली होती, पण गाव ते विसरलं. १९६७ च्या सुमारास उद्यानाच्या कामात जागेची कागदपत्रं उघडली, तेव्हा कळलं की ही बंद इमारत आपलीच आहे. कुलूप उघडलं, तर सगळं जागच्या जागी. इंग हेच्या पलंगाखालच्या पेटीत रुग्णांनी दिलेले आणि त्याने न वटवलेले सुमारे २३,००० डॉलरचे धनादेश सापडले. देणाऱ्यांची ओढाताण त्याला माहीत होती, म्हणून ते त्याने बँकेत टाकले नाहीत, असं इथे सांगतात.

दुपारी १२

संग्रहालयाची जेवणाची सुट्टी. उद्यानातल्या बाकावर दशम्या आणि लोणचं.

दुपारी १

बाईंना थोडी उसंत होती. अशी जागा चालवण्यातलं अवघड काम कोणतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहीही न बदलणं. धूळ किती झाडायची, याचाही विचार करावा लागतो. उजेडाने कागद आणि वेष्टनांचे रंग उडतात, म्हणून दिवे मंद. माणसांच्या श्वासाने दमटपणा वाढतो, म्हणून माणसं मोजून. उंदीर, किडे, गळतं छप्पर, हिवाळ्यातली थंडी यांच्यावर वर्षभर नजर. हिवाळ्यात लोकांसाठी दार बंदच असतं.

मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत मी पुष्कळ फिरले आहे. काचेच्या पेटीत एक चिनी अंगरखा, शेजारी चार ओळींची पाटी. त्यातून माहिती मिळते, पण माणूस भेटत नाही. इथे तंबाखूचा डबा, औषधाची पुडी, हिशेबाची वही आणि देव एकाच छपराखाली आहेत आणि ते एकमेकांना धरून आहेत. मजूर दुखणं घेऊन यायचा, औषध घ्यायचा, उधारीवर चहा न्यायचा, पत्र लिहून घ्यायचा, देवाला हात जोडून निघायचा. वस्तू वेगवेगळ्या दालनांत गेल्या असत्या, तर हे नातं कुणालाच दिसलं नसतं. २००५ मध्ये या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तो मला या अखंडपणासाठी योग्य वाटतो.

दुपारी ३

जवळच्या कुरणावरचे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन आले होते. रक्तात विष पसरलेल्या आपल्या एका नातेवाइकाला इंग हेने वाचवलं, असं त्यांनी घरात ऐकलेलं. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती, रक्तदोषाने माणूस आठवड्यात जायचा आणि गुरं राखणाऱ्यांना तारांचे, शिंगांचे ओरखडे रोजचेच. परवान्याशिवाय वैद्यकी करतो म्हणून इंग हेवर खटला झाला, पण इथल्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं नाही. ज्युरीत बसणारी माणसं त्याच्याच औषधाने बरी झालेली होती, असं सांगतात. जी माणसं त्याला नागरिक म्हणायला तयार नव्हती, तीच त्याच्यापुढे हात धरून बसायची. या विसंगतीचा सोपा निकाल लावू नये, असं मला वाटतं. दारावरच्या गोळ्या आणि पलंगाखालचे धनादेश, दोन्ही याच गावाचे.

बाबांनी मला विचारलं, ‘‘आपल्या लोकांचं तेव्हा इथे काय होतं?’’ फार वेगळं नव्हतं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच ओरेगॉन-वॉशिंग्टन भागात शेतीशास्त्र शिकत होते, ब्रिटिशांविरुद्धची गदर चळवळ उभी करत होते. १९१७ च्या कायद्याने भारतीयांनाही प्रवेश बंद झाला. ओरेगॉनमधल्या न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना दिलेलं नागरिकत्व सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये चुकीचं ठरवलं. चिनी लोकांवरची बंदी १९४३ मध्ये उठली, वर्षाला १०५ माणसं एवढा कोटा मिळाला. भारतीयांना १९४६ मध्ये मिळाला, तो १०० चा. आज पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो-बीव्हरटनमध्ये आमची मराठी घरं सुखाने नांदताहेत, त्याच्या मागे या लोकांनी सोसलेली साठ-सत्तर वर्षं आहेत.

सायंकाळी ५

शेवटची फेरी चारची. पाच वाजता बाईंनी झडपा लावल्या, आत कुणी राहिलं नाही ना ते पाहिलं, दिवसाचा आकडा वहीत लिहिला आणि कुलूप घातलं. आम्ही तिथून गावाच्या दफनभूमीत गेलो. मेलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी उकरून मायदेशी पाठवायची, ही त्या काळच्या चिनी वस्त्यांतली रीत होती. इंग हे आणि लुंग ऑन मात्र जॉन डेलाच आहेत.

ओरेगॉनमध्ये राहणारी मराठी कुटुंबं पेंटेड हिल्सचे रंगीत डोंगर पाहायला हमखास जातात आणि फोटो काढून तिथूनच परततात. तिथून पूर्वेला आणखी दीडेक तास गाडी चालवा. मे ते ऑक्टोबर या काळात जा, सकाळच्या पहिल्या फेरीला नाव द्या, आणि घरी कुणी वैद्य किंवा दुकानदार असेल तर त्यांना बरोबर न्या. दोन फेऱ्यांचा वेळ हाताशी ठेवा, एका फेरीत ती औषधांची भिंत पाहून होत नाही.