‘निकोटीन’ : शब्दाची व्युत्पत्ती व अर्थ

प्रस्तावना :
तंबाखूचे व्यसन हे मुख्यतः निकोटीनचे व्यसन होय, हे सर्वपरिचित आहे. मात्र या शब्दाच्या उगमाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. हा उगम पाहिला असता आजही टिकून असलेल्या एका गैरसमजाचे मूळ सापडते.

व्युत्पत्ती :
‘निकोटीन’ हे नाव झां निको या फ्रेंच राजदूतावरून आले आहे. लिस्बन येथे असताना त्याने १५६० मध्ये तंबाखू औषधी वनस्पती म्हणून फ्रान्सच्या राजदरबारी पाठविली. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीच्या प्रजातीस ‘निकोटियाना’ हे नाव कायम केले. १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व राइमान यांनी तिच्यातील विषारी अल्कलॉइड वेगळे केले. क्विनीन, कॅफीन यांतील ‘ईन’ हा प्रत्यय लागून ‘निकोटीन’ शब्द रूढ झाला. मूळ आडनावाच्या उच्चारात लुप्त असलेला अंत्य ‘त’ येथे ‘ट’ रूपाने प्रकट होतो. अशा रीतीने औषध म्हणून वनस्पती पाठविणाऱ्याचे नाव विषाला मिळाले.

दख्खनमधील प्रवास :
मराठी ‘तंबाखू’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘तबाको’मध्ये आहे. मोगल वकील असदबेग याने १६०४ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग त्या काळी याच विजापूरच्या आदिलशाहीत होता. दरबारातही तंबाखू औषध आहे की नाही, यावर हकिमांची चर्चा झाली.

आजचा संदर्भ :
तंबाखू भाजून केलेली मिसरी दात बळकट करते, हा समज ग्रामीण स्त्रियांमध्ये अद्याप आढळतो. वस्तुतः मिसरीतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात मिसळते. तंबाखूत चुना मळल्यास अल्कधर्मी माध्यमामुळे हे शोषण अधिक जलद होते. निकोटीनमुळे सवय सुटत नाही आणि तंबाखूतील इतर घटकांमुळे मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

समारोप :
‘निकोटिनिक आम्ल’ या जीवनसत्त्वाला १९४० च्या दशकात ‘नायसिन’ हे नाव देण्यात आले. तंबाखूत जीवनसत्त्व असते असा समज पसरू नये, हा त्यामागील हेतू होता. विज्ञानाने नावाबाबत घेतलेली ही दक्षता लोकव्यवहारात मात्र उतरलेली नाही. म्हणूनच वर्गात ‘निकोटीन’ शिकविताना त्याच्या रासायनिक सूत्राबरोबर मिसरीचाही उल्लेख होणे आवश्यक आहे. कारण विद्यार्थ्याच्या घरात हे द्रव्य बहुधा त्याच नावाने वावरत असते.