झोळीची शिवण

झोळींत निजणें ही केवळ तान्ह्या मुलांची मिरासदारी नव्हे. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हां तेथील रहिवासी सुताच्या, टांगत्या, जाळीवजा बिछान्यांत निजतात असें त्याच्या लोकांस आढळलें. 'हॅमॉक' हा शब्द त्याच मुलखांतून स्पॅनिश भाषेच्या द्वारें इंग्रजींत आला. पुढें युरोपीय खलाशांनीं जाड कापडाची झोळी जहाजांवर नेली. आणि आतां रानांत मुक्काम करणारीं हौशी माणसें ती घरच्या यंत्रावरहि शिवतात. निजलेल्या माणसाचा भार ज्या टांक्यांवर तोलावयाचा, ते कसे घालावेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

प्रथम भाराचा हिशेब पाहूं. ६० किलो वजनाचा मनुष्य झोळींत निजला आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या क्षितिजाशीं ३० अंशांचा कोन करून राहिल्या, तर प्रत्येक दोरीवर ६० किलोंचा ताण येतो. त्याच दोऱ्या तारेसारख्या ताणून कोन १० अंशांवर आणला, तर ताण सुमारें १७३ किलो होतो. झोळी फार ताणून बांधणारा आपल्याच शिवणीचा वैरी होतो, तो असा.

हा ताण मुख्यतः झोळीच्या लांबीच्या दिशेनें जातो. म्हणून अंगाखालीं आडवा जोड घेऊं नये. कापड रुंदीला अपुरें पडल्यास उभे पट्टे जोडावेत. उभ्या जोडावर ओढ पुष्कळ कमी पडते. तोहि साध्या शिवणीचा असूं नये. साध्या शिवणींत सारी ओढ टांक्यांच्या एकाच रांगेवर येते, व नायलॉनसारख्या गुळगुळीत कापडाचे काठाजवळचे धागे सरकून शिवण उसवते. त्याऐवजीं एक कड रुंद ठेवून ती दुसरीवर दुमडावी, कापलेले काठ आंत दडवावेत, आणि वरून पुन्हां टीप मारावी. जीनच्या विजारीच्या पायाला असते, तीच ही चपटी शिवण.

दोन्ही टोकांना दोरी ओवण्यासाठीं केलेल्या नेफ्याची शिवण मात्र सर्व भार सोसते. तेथें काठ दोनदां दुमडून दोन-तीन समांतर टिपा माराव्या व प्रत्येक टीप शेवटीं थोडी मागें फिरवून पक्की करावी. इंचाला आठ ते दहा टांके पुरेत. अतिशय बारीक टांक्यांनीं बळकटी वाढते, हा भ्रम आहे. सुईचीं भोकें दाटीनें पडलीं कीं कापड टपालाच्या तिकिटांप्रमाणें त्याच रेषेवर फाटतें. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा; सुती दोरा सतत ओल लागल्यास कुजतो.

तयार झोळी प्रथम गुडघ्याहून खालीं, मऊ जमिनीवर टांगावी व तींत हळूहळू भार द्यावा. नंतर शिवण उजेडासमोर धरावी. टांक्यांशेजारचीं भोकें लांबट झालेलीं दिसलीं, तर ती शिवण उसवून अधिक रुंद दुमडीची करावी. उन्हानेंहि नायलॉन क्षीण होतें; यास्तव प्रत्येक प्रवासापूर्वीं ही परीक्षा पुन्हां करणें इष्ट होय.