संगणकाची साप्ताहिक झाडलोट

सन २००६ च्या ऑगस्ट महिन्यात तापीला जो महापूर आला, त्यात आमच्या सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. आमच्या घरी लोखंडी पेटीत ठेवलेले छायाचित्रांचे तीन आल्बम त्या पाण्यात भिजले. चिकटलेली पाने हलक्या हाताने सोडवून, उन्हात वाळवून जी छायाचित्रे वाचली, ती चिरंजीवांनी पुढे संगणकात उतरवून ठेवली. खानदेशातून सुरतेस आलेले आमचे तीर्थरूप, आईच्या मांडीवरची आमची थोरली बहीण, गल्लीतला गणेशोत्सव, असा तो सारा ठेवा. पुरातून वाचलेला हा ठेवा अलीकडे आम्ही स्वतःच्याच हाताने पुसून टाकला. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

झाले ते असे. घरच्या संगणकातील जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून आम्ही सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवून घेतली. काही महिन्यांनी आवराआवर करताना एकाच नावाचे दोन फोल्डर दिसले. एक जादा आहे असे समजून तो आम्ही कायमचा काढून टाकला. दुसरा उघडून पाहतो तो रिकामा! दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणास बोलाविले. त्याने एकच प्रश्न केला, ‘‘सर, आत एसएसडी आहे का?’’ आम्ही होकार देताच तो म्हणाला, ‘‘जुनी डिस्क असती तर बरंचसं काढून दिलं असतं. यातून आता मिळायचं नाही.’’

असे का व्हावे? शिक्षकाच्या पेशास साजेसा दाखला देतो. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. माहिती विद्युतभाराच्या रूपाने सूक्ष्म कप्प्यांत साठविली जाते. या स्मृतीची ‘नँड फ्लॅश’ ही जात जपानी अभियंता फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्यावर लिहिणे ओळी-ओळीने होते, पण पुसणे मात्र फळ्याच्या फळा एकदम होते. फळ्यावरील चार ओळी अजून हव्या असतील, तर आधी त्या दुसऱ्या फळ्यावर उतरवून घ्याव्या लागतात आणि मगच पहिला फळा पुसता येतो.

अडचण अशी की, कोणत्या ओळींचे काम संपले हे एसएसडीला आपण होऊन कळत नाही. आपण फाइल काढून टाकली, तरी संगणक फक्त आपल्या सूचीतील तिचे नाव खोडतो. एसएसडी मात्र तो निरुपयोगी मजकूरही इमानाने एका फळ्यावरून दुसऱ्यावर उतरवीत बसते. त्यामुळे ती मंदावते, आणि प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच पुसता येत असल्याने तिचे आयुष्यही उगाच खर्ची पडते. यावरचा उपाय म्हणजे ‘ट्रिम’ नावाची आज्ञा. ‘‘अमुक ओळींचे काम संपले, त्या जपू नका’’ असे संगणक तीद्वारे एसएसडीला कळवितो. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून आली.

१९९४ च्या प्लेगनंतर सुरतेने स्वच्छतेचा धडा घेतला. आज मुख्य रस्त्यांची झाडलोट वर्दळ थांबल्यावर, रात्री होते. संगणकाचेही तसेच आहे. तो रिकामा बसलेला असताना ही सफाई वेळापत्रकाने व्हावी. त्यासाठी विंडोजच्या शोधचौकटीत ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ हे नाव टंकावे. उघडणाऱ्या खिडकीत प्रत्येक ड्राइव्हचा प्रकार आणि सफाई शेवटची केव्हा झाली ती तारीख दिसते. ‘चेंज सेटिंग्ज’ दाबून ‘रन ऑन अ शेड्यूल’ या ओळीपुढे खूण आहे ना, ते पाहावे आणि ‘वीकली’ म्हणजे साप्ताहिक हा पर्याय ठेवावा. बहुधा ही व्यवस्था मुळातच चालू असते. मात्र कोणी बंद केली असल्यास ती पुन्हा चालू करावी. ठरलेल्या वेळी संगणक बंद असला, तरी पुढे तो चालू असून रिकामा असेल तेव्हा हे काम उरकले जाते. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांतही अशीच साप्ताहिक योजना असते.

जुन्या तबकडीसाठी आपण ‘डीफ्रॅग’ करीत असू. एसएसडीला त्या सवयीची गरज नाही. बाहेरचे एखादे सॉफ्टवेअर आणून वारंवार तसे केल्यास झीज मात्र वाढते. विंडोज ड्राइव्हचा प्रकार ओळखून योग्य तेच करते, म्हणून वेगळी साधने आणण्याच्या फंदात पडू नये. एसएसडी काठोकाठ भरू नये, थोडी जागा मोकळी ठेवावी, एवढे पथ्य पुरे.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘मग या झाडलोटीनेच आपले फोटो नेले ना? ती बंदच का करू नये?’’ प्रश्न रास्त होता, पण उत्तर नकारार्थी आहे. फाइल काढताक्षणीच तिच्याबद्दलची सूचना एसएसडीला जाते. साप्ताहिक फेरी ही केवळ राहून गेलेल्या सूचनांची उजळणी असते. वेळापत्रक बंद असते तरी आमचे फोटो वाचले नसते. दोष झाडलोटीचा नव्हता. दुसरी प्रत न ठेवणाऱ्या आमचा होता.

सबब, सफाईच्या वेळापत्रकाबरोबर प्रतींचेही वेळापत्रक असावे. प्रत त्याच संगणकात नव्हे, तर बाहेरून जोडावयाच्या वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि एक प्रत परगावच्या आप्तांकडे असू द्यावी. पूर पाहिलेल्या शहराला हे निराळे सांगावयास नको. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेवाचून कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील विद्युतभार विरू शकतो, म्हणून दीर्घ साठवणुकीस एकट्या तिच्यावर विसंबू नये.

आमच्या वडोदऱ्याच्या बहिणीने एका लग्नाच्या वेळी काही छायाचित्रे पेनड्राइव्हवर नेली होती. त्यामुळे निम्माशिम्मा ठेवा परत मिळाला. तीर्थरूपांचे छायाचित्र मात्र त्यात नव्हते. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळचा चहा झाला की, आम्ही बाहेरची डिस्क जोडून बसतो. वाचकांनी हा लेख बाजूला ठेवण्यापूर्वी, आपल्या घरच्या छायाचित्रांची दुसरी प्रत कोठे आहे, एवढे घरात विचारून पाहावे.