जपणुकीचा लेप

नांदेड-लातूरकडची सहल अजिंठ्याला गेली की मुले हमखास विचारतात, ‘चित्रे इतकी पिवळट, काळपट का?’ दोष निव्वळ काळाचा नाही. थोडा माणसाच्या मायेचाही आहे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची ही गोष्ट. १९२०च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद सरकारने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचे मोठे ऋण. पण चित्रांवर लाखेचा लेपही दिला. इटलीतली बरीचशी भित्तिचित्रे ओल्या चुन्यात मुरलेली. अजिंठ्याचा गिलावा मात्र माती, भुसा नि गवताच्या तंतूंचा, आणि रंग कोरड्या पृष्ठभागावर दिलेले. लाख पुढे पिवळी पडली, आकसली आणि रंगाचे पापुद्रे ओढू लागली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ती उतरवायला वर्षानुवर्षे झटावे लागले.

आपल्या घरीही मुले मातीच्या गणपतीला, मडक्याला वॉर्निश लावून पाहतात. जरूर पाहावे, फक्त आधी एखाद्या खापरावर. खापर दुसरे मिळते, अजिंठ्याची भिंत मिळत नाही.