ऐकणाऱ्यांची शाळा

शाळाशाळांतून हल्ली 'गुड टच, बॅड टच'चे तास होतात. बाहेरून एखाद्या ताई येतात, फळ्यावर मुलाची आकृती काढतात, ओठ, छाती, दोन पायांमधली जागा आणि ढुंगण यांवर लाल खडूनं फुल्या मारतात. मग वर्ग एका सुरात ओरडतो, "नाही म्हणा! पळा! सांगा!" तिन्ही कामं मुलांच्याच अंगावर टाकली आहेत हे त्या गलक्यात कुणाच्या लक्षात येत नाही. सहा वर्षांच्या मुलीनं पंचेचाळीस वर्षांच्या काकांना नाही म्हणायचं, त्यांच्याच घरातून पळायचं आणि मग कुणाला तरी जाऊन सांगायचं. ज्याला सांगायचं त्या माणसाचा तास मात्र कधीच झालेला नसतो.

हा लेख त्या माणसासाठी. पालकसभेत "मुलांना काय शिकवू?" हा प्रश्न हमखास येतो. मला वाटतं, मुलांना शिकवायचं ते तासाभरात संपतं. घरातल्या मोठ्यांचा अभ्यासक्रम बराच मोठा आहे आणि त्याला हात घालायला कुणी तयार नसतं.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. यात जबरदस्तीनं मुका घेण्यापासून सगळंच मोजलं होतं, पण नुसते गंभीर प्रकार धरले तरी आकडा २० टक्क्यांच्या पुढे जात होता. मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच निघाली, ज्यावर आजही पालकांचा विश्वास बसत नाही. छळ करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती. मला या अहवालातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. मुलं गप्प राहिली याचं खापर मुलांच्या भित्रेपणावर फोडता येईल, पण आपण ऐकायला कसे आहोत हेही एकदा तपासायला हवं.

त्याची सुरुवात फार साध्या प्रसंगांत होते. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. चकलीची ताटली फिरत असते. "काकांना पापी दे बघू, किती लांबून आलेत तुझ्यासाठी!" मूल आईच्या मागे लपतं. सगळे हसतात, कुणी तरी त्याला हलकेच पुढे ढकलतं, काका उचलून घेतात आणि गालावर दाढी घासतात. काकांच्या मनात काहीही वावगं नाही, हे शंभर टक्के मान्य. पण मुलाच्या डोक्यात एक नोंद झाली: मला नको असलं तरी मोठ्यांना माझं अंग द्यावं लागतं, आणि मी आढेवेढे घेतले की लोक हसतात. त्याच क्षणी आई चारचौघांत म्हणाली, "राहू दे, तिला आत्ता नकोय, ती लांबूनच नमस्कार करेल," तर फळ्यावरच्या दहा तासांचं काम होतं. आजी फुगतील. फुगू देत. लाडू खाऊन झाले की विसरतील.

अवयवांच्या नावांचं तसंच. लाडाची नावं घरोघरी वेगळी असतात, ती असू देत. पण शिक्षिकेला, डॉक्टरांना कळेल असा एक सरळ शब्द मुलाला माहीत हवा आणि तो उच्चारल्यावर घरात "शीऽऽ" होता कामा नये. ज्या भागाचं नाव काढलं की ओरडा बसतो, त्या भागाला काही झालं तर मूल काय डोंबल सांगणार?

'बॅड टच' या शब्दात आणखी एक अडचण आहे. तो स्पर्श वाईट लागतोच असं नाही. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या संस्थेनं 'कोमल' नावाची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म केली आहे. त्यात शेजारी राहायला आलेले, वडिलांच्या जुन्या ओळखीचे काका आहेत. प्रेमळ, खेळकर. प्रत्यक्षातही बहुतेकदा हेच घडतं. आधी चॉकलेट, मग मोबाइलवरची गेम, मग "तू आता मोठा झालास" हे कौतुक, मग एखादी चोरून केलेली गंमत आणि शेवटी "हे आपलं गुपित हं, आईला सांगायचं नाही." दुखलं तरच ते वाईट, असं शिकलेलं मूल इथे पार गोंधळतं. उलट गुपिताचा नियम त्याला सहज कळतो. वाढदिवसाच्या केकचं गुपित संध्याकाळी सगळ्यांसमोर फुटणारच असतं, ते ठेवायला हरकत नाही. मोठ्या माणसानं कधीच कुणाला सांगू नको म्हणून बजावलेलं गुपित मात्र त्याच दिवशी घरी सांगायचं.

आता सांगणं. चित्रपटात मूल रडत येतं, मिठी मारतं आणि सगळं सांगून टाकतं. घरात ते पोळ्या लाटताना पाठीमागून येतं. "आई, मला त्या क्लासला नाही जायचं." आई म्हणते, "फी भरलीये पाच महिन्यांची, नाटकं नकोत." दोन दिवसांनी पुन्हा: "ते सर येडे आहेत." "सरांना असं बोलतात?" संपलं. त्या मुलानं दोनदा दार ठोठावून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा ते येईलच याची खात्री नाही. दर वेळी क्लास नको म्हणण्यामागे काही भयंकर असतं असं मुळीच नव्हे, बहुतेकदा गणितच असतं. पण "का रे? काय होतं तिथे?" एवढं विचारून पोळी तव्यावर टाकायला कितीसा वेळ लागतो?

रोलंड समिट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९८३ साली एका निबंधात अत्याचार सोसणाऱ्या मुलांच्या वागण्याचा क्रम मांडला. आधी गुप्तता, मग हतबलता, मग अडकून पडून जुळवून घेणं, मग उशिरा, अडखळत, न पटेलसं सांगणं आणि शेवटी सांगितलेलं मागे घेणं. हा काही आजार नाही आणि प्रत्येक मूल याच पायऱ्यांवरून जातं असंही नाही. तरी शेवटच्या दोन गोष्टी पालकांनी मनात कोरून ठेवाव्यात. मूल तुकड्यातुकड्यांनी सांगतं, वार-वेळ सांगताना चुकतं, मधेच हसतं. घरात हलकल्लोळ माजलेला पाहिला की "मी गंमत केली" म्हणून मोकळं होतं. एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही.

म्हणून पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. त्यात तीन वाक्यं हटकून तोंडात येतात आणि तिन्ही घात करतात. "आधी का नाही सांगितलंस?" यानं दोष मुलाकडे जातो. "नक्की ना? स्वप्न पडलं असेल." यानं दार बंद होतं. आणि बाबांचं आवडतं, "सोडत नाही त्याला, खलासच करतो." यातला संताप समजू शकतो. पण बऱ्याचदा मुलाला तो माणूस आवडत असतो आणि आपल्यामुळे बाबा तुरुंगात जाणार, घर मोडणार अशी भीती त्याला वाटते. त्यापेक्षा "बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही. पुढचं आम्ही बघतो," एवढंच बोलावं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात.

प्रश्न कमी विचारावेत आणि मोकळे विचारावेत. "मग काय झालं?" चालतं. "त्यानं इथे हात लावला का?" असं विचारून आपले शब्द मुलाच्या तोंडी घालू नयेत. पुढे न्यायालयात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं जातं. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावं. ताजी घटना असेल तर त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. मावशीला, आजीला, शेजारच्या वकिलांना अशी तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. आणि "मी कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही.

ते का, हे कायद्यात आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून लागू झाला. १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही तो संरक्षण देतो. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची अब्रू, खानदानाचं नाव, मुलीच्या लग्नाची चिंता यांतलं काहीही सबब म्हणून चालत नाही. त्याचबरोबर हा कायदा मुलांशी वागण्याची रीतही ठरवून देतो, आणि ती पालकांना माहीत असली की पोलिस ठाण्याची धास्ती बरीच कमी होते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत असायला हवं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची आणि आधी पोलिसांचा कागद आणा म्हणून उपचार अडवायचे नाहीत. खटला शक्यतो वर्षभरात संपवायचा. मुलाची ओळख कुणीही उघड करायची नाही, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हळहळ व्यक्त करणाऱ्यांनीसुद्धा.

कागदावरची ही रीत प्रत्यक्षात कशी मोडते ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरनं दाखवलं. तिथल्या शाळेतल्या चिमुकल्यांनी आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल घरी सांगितलं, घरच्यांनी विश्वास ठेवला. पुढे तक्रार नोंदवून घेण्यासाठी मात्र पालकांना तासन्तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही पॉक्सोखाली कारवाई झाली. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री' समित्या महाराष्ट्रातल्या शाळांत असाव्यात असा शासन निर्णय २०२२ मध्येच झाला होता, हेही बऱ्याच पालकांना तेव्हाच कळलं. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, हे पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारावं. सहलीच्या फीवर तासभर चर्चा करणाऱ्या सभेत एवढ्याला वेळ निघायला हरकत नाही. पोलिस टाळाटाळ करत असतील किंवा कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १९९६ साली मुंबईत तो सुरू झाला, आता सरकार चालवतं.

मूल तेरा-चौदाचं झालं की पालक या सगळ्यातून सुटल्यासारखे वागतात. खरं तर तेव्हा दार आणखी घट्ट बंद झालेलं असतं. इन्स्टाग्रामवर एका अनोळखी 'मुली'शी मैत्री होते, चार दिवसांत गप्पा रंगतात, एक फोटो मागितला जातो, आणि दुसऱ्या मिनिटाला "पैसे टाक, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवते" असा मेसेज येतो. समोर मुलगी नसतेच, टोळी असते. यात मुलगे मोठ्या संख्येनं सापडतात. रात्री दोन वाजता तो मुलगा एकटा असतो आणि बाबांना का सांगत नाही? कारण बाबा आधी फोन काढून घेतील. म्हणून हा करार संकट येण्याआधीच, एखाद्या निवांत दुपारी करून ठेवावा: काहीही झालं असलं तरी सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. आणि तो पाळावा. मग पुढचं काम सोपं असतं. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायची नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो कुठेही न पाठवता, आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी असलेल्या समाजमाध्यमांना त्यावरून तो फोटो शोधून काढता येतो.

ऐकण्याचा दुसरा पेपर जास्त अवघड: आपलंच मूल त्रास देणारं निघालं तर? शाळेतून फोन आला की "आमचा मुलगा असं करणारच नाही" हे पहिलं वाक्य. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी वर्गातल्या छळाचा अभ्यास करून दाखवलं की तो दोघांतला मामला नसतो. कुणी छळणाऱ्याला साथ देतं, कुणी खिदळतं, कुणी बघून न बघितल्यासारखं करतं, एखादाच मधे पडतो. त्यावरच तिथला 'किवा' हा शालेय कार्यक्रम उभा आहे. तो बघ्यांना हाताशी धरतो. आपल्याकडे कुणाच्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर टाकणं, रंगावरून, वजनावरून आणि आडनाव विचारून टोमणे मारणं हे सगळं 'चिडवाचिडवी'त मोडतं. मुलं ते घरातूनच उचलतात. जेवताना आपण शेजारच्या मुलीला 'जाडी' म्हणतो, कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवतो. मग रात्री तेच मूल सांगतं, "आज सगळे त्याला हसत होते." इथे भाषण देऊ नये. "आणि तू काय करत होतास?" एवढं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

सगळ्यात कमी ऐकलं जाणारं वाक्य मोठ्या मुलांचं असतं: "मी नसलेलोच बरा." दहावी-बारावीच्या घरात यावर "फालतू बोलू नकोस, अभ्यास कर" असं उत्तर मिळतं. मूड जाणं वेगळं. पण दोनेक आठवडे झोप-भूक बिघडलेली, मित्र तुटलेले, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, निरोपाची भाषा, हे दिसलं तर सरळ विचारावं, "मरून जावंसं वाटतं का तुला?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट तो आत कोंडलेला असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नये. घरातली औषधं आणि गावाकडे असाल तर फवारणीचे डबे त्याच दिवशी कुलपात ठेवावेत. असा क्षण बऱ्याचदा तीव्र असला तरी टळून जाणारा असतो आणि साधन हाताशी नसलं तर जीव वाचतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. पोलिस केस होईल या भीतीनं कुणी डॉक्टरकडे जायचं टाळू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. 'टेलिमानस' ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोन मुलानंच करायला हवा असं नाही. आपल्या मुलाशी उद्या सकाळी काय बोलायचं हे न सुचणाऱ्या बापालाही तो करता येतो.