कोर्लई गावची बोली

मंडळी, घराला कुलूप लावून आपण चाबी कनवटीला खोवतो. अंघोळीला साबण घेतो. महिना भरला की पगाराची वाट पाहतो. बाजारात मालाचा लिलाव होतो. चाबी, साबण, पगार, लिलाव हे चारही शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले आहेत. पोर्तुगीज म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या पोर्तुगाल देशाचे लोक. ते काही आपल्या पिंपळगाव राजाला आले नव्हते, पण त्यांचे शब्द आले. शब्दांना पाय असतात म्हणायचे!

कोकणात एक गाव मात्र असे आहे, की तिथे चार शब्द नव्हेत, सगळी बोलीच पोर्तुगीजातून निघाली. त्या गावाचे नाव कोर्लई.

कोर्लई रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला आहे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे एका काठाला रेवदंडा आणि दुसऱ्या काठाला कोर्लई. डोंगराची एक लांब सोंड पाण्यात शिरली आहे. तिच्यावर किल्ला, आणि पायथ्याशी वस्ती.

रेवदंड्याजवळच चौल हे फार जुने बंदर होते. ते अहमदनगरच्या निजामशाहीत होते. १५२१ साली पोर्तुगीजांना तिथे कोट बांधायला परवानगी मिळाली. पुढे १५९४ साली त्यांनी समोरचा कोर्लईचा किल्लाही लढून घेतला. जहाजातून शिपाई आले, पण त्यांच्या देशच्या बायका फारशा आल्या नाहीत. मग पुष्कळांनी इथल्याच बायकांशी संसार थाटले. हाताखाली नोकर आणि गुलाम होते. इथल्या काही लोकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. मालकाची भाषा पोर्तुगीज, चुलीपाशी मराठी. दोन्ही मिसळल्या, आणि लेकरे बोलू लागली ती तिसरीच बोली.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अंमलदार निघून गेले. गरिबाने कुठे जावे? तो राहिला.

आता कोणी म्हणेल, साहेब गेले तर त्यांची भाषा कशी टिकली? कारण आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान, त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. हे मूठभर ख्रिस्ती आपसांतच सोयरीक करीत. सासू तीच बोली बोले, सूनही तीच. गावात माउंट कार्मेल मातेचे देऊळ आहे, ख्रिस्ती लोक त्याला चर्च म्हणतात. तिथली प्रार्थनाही पुष्कळ वर्षे पोर्तुगीजमध्येच होई.

आपल्या बोलीला ते ‘नो लिंग्’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘आपली भाषा’. तिची गंमत अशी, की शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची घडण आपली. पोर्तुगालचा माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमाने बोलतो. कोर्लईचा माणूस आपल्यासारखाच ‘मी भात खातो’ म्हणतो. बैल त्यांचे, जू आपले.

ही बोली बोलणारे आता सारे मिळून हजाराच्या आसपास. शाळा मराठी. १९६० नंतरच्या काळात प्रार्थनाही मराठीत आली. पूर्वी खाडी होडीने ओलांडावी लागे, आता पूल आहे. पोरे मुंबईला नोकरीला जातात. ती परत येतात तेव्हा त्यांच्या तोंडी मराठी, हिंदी, इंग्रजी असते. आजीशी मात्र ‘नो लिंग्’.

आमच्या रात्रीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका बाईने विचारले, “गुरुजी, त्यांच्या बोलीची बाराखडी कोणती?” मी म्हटले, “बाई, तिची स्वतःची अशी बाराखडीच नाही.” क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन पंडिताने तिचा अभ्यास करून १९९६ साली पुस्तक छापले. पण ते इंग्रजीत. गावच्या किती आज्या ते वाचणार? ती बाई म्हणाली, “मंग तिच्या ओव्या, म्हणी कुटं ठेवायच्या?” मला उत्तर देता आले नाही.

कोर्लई तर दूर राहिली. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल लोक राहतात. त्यांची निहाली बोली जगातल्या दुसऱ्या कोणत्या भाषेची बहीण आहे, हे मोठमोठ्या पंडितांनाही अजून ठरवता आलेले नाही. बोलणारे दोन-अडीच हजारच असतील. बाजारात ते आपल्याशी मराठीत बोलतात, म्हणून आपल्या ते ध्यानातच येत नाही.